गुरुवारची तालीम

बाईंचं तोंड म्हणजे कात्री होती. परदेशी शिकायला निघालेल्या मुलांना त्या निघण्याआधी जे काही सुनावायच्या, ते ऐकून निम्म्या मुलांना घरीच बसावंसं वाटायचं. "तिथे तुमची आई नाही, हे आधी डोक्यात घाला. मोजे स्वतः धुवायचे. घरमालकिणीनं 'कसे आहात' विचारलं तर तिला पोटदुखीची कहाणी ऐकवायची नाही, 'बरा आहे' म्हणायचं आणि जिना चढायचा. रांग मोडायची नाही. कुणाच्या घरी न कळवता टपकायचं नाही. आणि रडायचं असेल तर नळ सोडून रडायचं, तिकडच्या भिंती पातळ असतात." मुलं हसायची. बाई हसायच्या नाहीत. कॉलेजच्या परदेश-शिक्षण कक्षात त्यांनी अर्धी हयात घालवली होती, आणि कोणत्या देशात कशावरून पोराची फजिती होते हे त्यांना तोंडपाठ होतं.

सगळं सांगून झालं, की फळा पुसता पुसता, मुलांकडे पाठ करून, त्या एक वाक्य टाकायच्या. "आणखी काही वेगळं विचारायचं असेल त्यानं गुरुवारी दुपारी यावं. दार लावलेलं असेल, वाजवायचं." पाठ मुद्दाम केलेली असायची. तेवढ्या वेळात कुणाचा चेहरा उतरला, कुणी मान खाली घातली, हे आपल्याला दिसू नये आणि आपल्याला दिसलं असं त्यालाही वाटू नये, एवढी अक्कल बाईंना होती. तोंड फाटकं असलं तरी मन तसं नव्हतं.

गुरुवारी यायची ती मुलं निराळी. मुलावर जीव जडलेला मुलगा, मुलीसोबत संसाराची स्वप्नं पाहणारी मुलगी, घरच्यांनी मुलगी म्हणून वाढवलेला एखादा मुलगा. घरी कुणाला सांगितलेलं नसायचं, कॉलेजात तर नाहीच. त्यांना विचारायचं एकच असायचं, आम्ही जिथे चाललोय तिथे आमचं काय होईल? काही देशांबद्दल बाई सांगायच्या, बिनधास्त जा. काही देशांबद्दल म्हणायच्या, जा, पण ताकास तूर लागू देऊ नका. तिथे अशा माणसांना तुरुंगात घालत होते.

हे गुरुवार सुरू कसे झाले, तेही सांगायला हवं. फार पूर्वी एक वेणीवाली मुलगी अशाच एका कडक देशात गेली होती. कुणी तिला काही सांगितलं नव्हतं. बिचारीनं खोलीतल्या मैत्रिणीला विश्वासानं मनातलं सांगितलं, आणि त्या मैत्रिणीनं वसतिगृहाच्या वॉर्डनला. दुसऱ्या दिवशी सामान रस्त्यावर. मुलगी परत आली ती कुणाशी बोलेना, कॉलेजच्या फाटकातसुद्धा पुन्हा कधी दिसली नाही. बाईंनी तेव्हाच कानाला खडा लावला. यापुढे माझ्या हाताखालून जाणारं एकही पोर असं गाफील जाणार नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. बाई पाणीसुद्धा फुंकायला लागल्या.

त्यांची पद्धत साधी होती आणि भयंकर होती. खुर्ची समोर ओढायची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घ्यायचा आणि दुसरंच कुणीतरी व्हायचं. कधी विमानतळावरचा अधिकारी, कधी घरमालकीण, कधी चोंबडा वर्गमित्र. आणि मग प्रश्नांची झोड. लग्न झालंय? का नाही? मैत्रीण आहे? फोनमध्ये हा कोण? पोरांना घाम फुटायचा. बाई थांबायच्या नाहीत. तिकडे फुटण्यापेक्षा इथे फुटलेला बरा, हे त्यांचं म्हणणं.

अशाच एका गुरुवारी पुटपुट्या आला.

हे नाव त्याला लंबूनं ठेवलेलं. खरंच तो बोलायचा म्हणजे निम्मे शब्द गिळायचा, आणि खोटं बोलायला लागला की कान लालभडक. त्याला शिष्यवृत्ती मिळाली होती ती नेमकी एका कडक देशातली. लंबू म्हणजे त्याचा जोडीदार. दारातून येताना मान वाकवावी लागेल एवढा उंच, आणि तोंडानं सतत काहीतरी चावट. पहिल्या दिवशी तोही सोबत आला आणि बाईंना म्हणाला, "बाई, ह्याला खोटं बोलायला शिकवाच. मागच्या वाढदिवसाची माझी भेट यानंच आधी सांगून टाकली."

"तू बाहेर बस," बाई म्हणाल्या. "इथे जत्रा नाही भरलेली."

तालीम सुरू झाली. बाई अधिकारी झाल्या.

"लग्न झालंय?"

"न... नाही."

"का नाही?"

"म्हणजे अजून शिकतोय, आणि घरचे म्हणाले की आधी नोकरी, आणि मग..."

"थांब!" बाईंनी टेबलावर हात आपटला. "अरे, खरं बोलणारा माणूस कधी कारणं देतो का? मी तुझ्या बुटाचं माप विचारलं तर तू मला तुझ्या आजोबांच्या टाचांची कहाणी सांगशील? उत्तर लहान. आवाज सपाट. नजर समोर. पुन्हा."

पुन्हा. आणि पुन्हा. सगळ्यात अवघड गेला तो फोटोचा प्रश्न. 'हा फोटोतला उंच मुलगा कोण?' म्हटलं की पुटपुट्याचे कान पेटलेच. "रूममेट" हा एक शब्द त्याच्या घशातून निघेना. बाईंनी तो शब्द त्याच्याकडून इतक्या वेळा म्हणून घेतला की शेवटी बाहेर बाकावर बसलेल्या लंबूनं दार किलकिलं करून डोकं आत घातलं. "बाई, आता मलासुद्धा खरं वाटायला लागलंय, मी ह्याचा कुणीच नाही म्हणून."

"वाटू दे," बाई म्हणाल्या. "वाटलं म्हणजे जगाल."

कितीतरी गुरुवार गेले. शेवटी एक दिवस बाईंनी बोलता बोलता, कपबशी पुढे सरकवत सहज विचारलं, "हा लंबू तुझा कोण रे?" आणि पुटपुट्या चहाचा घोट घेत म्हणाला, "रूममेट." कान जिथल्या तिथे, गोरे. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. आपला विद्यार्थी पास झाला, दुसरं काय!

आणि निघायच्या तोंडावर सगळंच बदललं. त्या कडक देशातल्या कॉलेजानं तो अभ्यासक्रमच बंद केला आणि पुटपुट्याची जागा दुसऱ्या एका देशात लागली. हा देश अगदी उलटा. तिथे दोन पुरुष सरकारी कचेरीत जाऊन लग्न लावू शकत होते, हातात हात घालून बाजारात फिरू शकत होते. बाईंनी पत्र वाचलं आणि त्या खुर्चीतून उठल्याच. "सुटलास रे बाबा! सुंठीवाचून खोकला गेला. आता खुशाल खरं बोल."

"मग या गुरुवारी येऊ का?" पुटपुट्यानं विचारलं.

"आता कशाला? आता तुला शिकवण्यासारखं काही उरलं नाही."

झालं. एवढंच. जे लपवायला शिकवण्यात बाईंनी महिने घालवले, ते उघड करायला एका वाक्यात सांगून त्या मोकळ्या झाल्या. त्यांना वाटलं, कुलूप काढलं की दार आपोआप उघडतं. आता तुम्ही म्हणाल, एवढ्या हुशार बाईंना हे कळू नये? नाही कळलं. भीतीचं सगळं ज्ञान त्यांच्यापाशी होतं. मोकळ्या जागी भित्र्या माणसाचं काय होतं, याचा विचार त्यांना कधी करावाच लागला नव्हता.

पुटपुट्या गेला. वर्षभरानं लंबूनंही तिथल्याच एका कॉलेजात प्रवेश मिळवला आणि दोघं एका खोलीत राहायला लागले. बाईंना फोटो यायचे, बर्फात उभे असलेले, भांडी घासताना काढलेले. बाई ते पाहून एकट्याच हसायच्या. या पोरांचं बरं झालं, हे समाधान त्यांना त्या दिवसांत फार पुरायचं.

मग एका दुपारी फोटोऐवजी नुसती बातमी आली. सायकलवरून येताना ट्रकनं उडवलं. लंबू गेला.

बाई हादरल्या. चार शब्द लिहून पाठवले, उत्तर आलं नाही. पुढे कुणाकडून तरी कळलं की मृतदेह इकडे आणला, पुटपुट्याच घेऊन आला, आणि नंतर तो परत गेलाच नाही. शिक्षण अर्धवट टाकून घरात बसलाय. बाईंनी त्याला दोनदा निरोप पाठवला. तो आला नाही, आणि आला तेव्हा न सांगता आला. दिवस गुरुवारचाच होता. नवी मुलं नुकतीच गेली होती, बाई खुर्च्या जागेवर लावत होत्या. दार न वाजवता तो आत आला.

"बस," बाई म्हणाल्या. "अरे, किती वाळलास रे."

तो बसला नाही. "बाई, तुम्ही शिकवलेलं माझ्यातून काढा."

"काय काढू?"

मग त्यानं सांगितलं. पुटपुटत नाही, धड सांगितलं, म्हणून ऐकणं जास्त जड गेलं. हॉस्पिटलात तो धावत पोचला तेव्हा लंबू आत होता, शुद्ध येत-जात होती. दाराशी एक नर्स होती. भली बाई होती. तिनं हातावर हात ठेवून विचारलं, "तुम्ही यांचे कोण? जोडीदार?" शब्दसुद्धा तिनंच तोंडात दिला. नुसती मान हलवायची होती. आणि याच्या तोंडून निघालं, "रूममेट."

"उत्तर लहान," पुटपुट्या म्हणाला. "आवाज सपाट. नजर समोर. कानसुद्धा लाल झाले नसतील, बाई. तुम्ही असतात तर पाठ थोपटली असतीत."

"असं बोलू नकोस रे."

"ती म्हणाली, मग बाहेर थांबा, आत फक्त घरचे. मी बाहेर बसलो. म्हटलं, आता उठतो आणि सांगतो. पण मग ती विचारणार, आधी खोटं का बोललात? त्याचं उत्तर तयार नव्हतं. कारणं द्यायची नाहीत, हे पाठ होतं ना. मी मनात जुळवत बसलो. जुळेपर्यंत डॉक्टर बाहेर आले."

बाई खुर्चीचा हात धरून बसल्या. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी बोलावं म्हणून त्या म्हणाल्या, "पण मी तर तुला सांगितलं होतं, तिथे खुशाल खरं बोल."

"सांगितलं होतंत," तो म्हणाला. "शिकवलं नव्हतंत. तिथे कुणी काही म्हणत नव्हतं, तरी मी वर्गात त्याला रूममेट म्हणायचो, शेजाऱ्यांना रूममेट म्हणायचो. तो चिडायचा. म्हणायचा, अरे, इथे तरी! मी म्हणायचो, हो, उद्या."

खिडकीबाहेर मुलांचा आरडाओरडा चालला होता, कुणाचा तरी सामना रंगला होता. बाईंनी उठून खिडकी लावली.

"लंबूची आई रोज फोन करते," पुटपुट्या म्हणाला. "म्हणते, ये रे बाळा, शेवटचं काय झालं ते सांग. मला तिला सगळं सांगायचंय. मी त्याचा कोण होतो तेही. पण आरशासमोर उभा राहिलो तरी तोंडातून तेच निघतं. तुम्ही आई व्हा. माझी तालीम घ्या."

बाईंनी खुर्ची समोर ओढली. चष्मा नाकावर घेतला, मग काढून बाजूला ठेवला.

"ये बाळा. तू लंबूच्या खोलीवर राहायचास ना?"

"हो काकू. मी त्याचा रूममेट." त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "बघितलंत?"

"पुन्हा."

पुन्हा तेच. मग 'मित्र'. मग 'चांगला मित्र'. मग नुसतेच हुंदके. बाईंनी पाणी दिलं. रागावल्या नाहीत, टेबल आपटलं नाही. ऊन भिंतीवरून खाली सरकत गेलं, आणि शेवटी कधीतरी तो जमिनीकडे बघत, शब्द गिळत, पूर्वीसारखा पुटपुटला, "काकू, माझं त्याच्यावर प्रेम होतं. त्याचं माझ्यावर. आम्ही संसार म्हणतात ना, तसंच राहत होतो." त्याचे कान लाल झाले होते.

बाईंनी तिथेच थांबायला हवं होतं. शहाणा माणूस थांबला असता. पण जन्मभराची सवय, समोरचा पुढे काय विचारील ते आधी विचारून घ्यायची. आई काय विचारील, हे त्यांना लख्ख दिसलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मग तू आत का नाही गेलास रे?"

पुटपुट्यानं वर पाहिलं. "ह्याचं उत्तर तुम्ही द्या, बाई. आजपर्यंतची सगळी तुम्हीच दिलीत."

बाईंनी पर्स उचलली. "चल," म्हणाल्या. "आत्ताच जाऊ. घरी गेले तर माझा धीर राहायचा नाही."

लंबूची आई शिवणकाम करायची. एकच मोठी खोली, दाराशी शिलाई मशीन, पलीकडे पलंग आणि रस्त्याकडची खिडकी. दोरीवर लोकांचे अर्धवट शिवलेले कपडे टांगलेले, मशीनवर मात्र धूळ बसलेली. बाईंना बसायला तिनं पलंगावरचे कपडे बाजूला केले. पुटपुट्याला जवळ घेतलं, त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "खातोस का काही?" एवढं विचारलं.

पुटपुट्या उभ्याउभ्याच बोलला. अडखळत बोलला, पण तालमीतलं वाक्य पुरतं बोलला. मशीनपाशी स्टुलावर बसून, मशीनला हात टेकून आई ऐकत होती. बाई तिच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. ती किंचाळेल, हाकलून देईल, कपाळ बडवून घेईल, या सगळ्याची त्यांनी मनातल्या मनात तयारी करून ठेवली होती.

"ते मला माहीत होतं," आई म्हणाली.

पुटपुट्यानं बाईंकडे पाहिलं.

"अरे, फोनवर दर वाक्याला तुझंच नाव. आज त्यानं हे केलं, आज तो असा रुसला. रूममेटचं एवढं कौतुक कुणी करतं का? मी वाट बघत होते, आज सांगेल, उद्या सांगेल. मीही विचारलं नाही. म्हटलं, पोराला लाज वाटते तर कशाला टोकायचं." तिनं पदरानं नाक पुसलं. "ते जाऊ दे. मला वेगळंच विचारायचंय. शेवटी त्याच्याजवळ कोण होतं?"

बाईंना राहवलं नाही. "चूक माझी आहे. मीच ह्याला शिकवलं होतं की..."

"तुमचं नंतर बघू, बाई." आवाज चढला नव्हता, पण बाईंची जीभ जागच्या जागी थांबली. "मी ह्याला विचारतेय. लोक येतात, भेटतात आणि पहिलं तेच विचारतात. शेवटी जवळ कोण होतं हो? मी काय सांगू त्यांना?"

बाईंच्या तोंडात उत्तर तयार होतं. सांगा, हा होता. हात धरून बसला होता. लहान उत्तर, सगळ्यांच्या सोयीचं, कुणाचं नुकसान नाही. या आईला त्या उत्तरावर उरलेलं आयुष्य काढता आलं असतं. बाईंनी पुटपुट्याकडे पाहिलं, डोळ्यांनी जवळजवळ विनवलं, म्हण रे, एवढं एकदा म्हण.

"कुणी नव्हतं, काकू," पुटपुट्या म्हणाला. "मी बाहेर होतो. बाकड्यावर. त्यांनी विचारलं तू कोण, आणि मी खोटं बोललो. खरं बोललो असतो तर त्यांनी मला आत सोडलं असतं."

आईनं मशीनवरचा हात काढला. धुळीत बोटं उमटली होती.

"बाकडं दारापासून किती लांब होतं?"

पुटपुट्या गोंधळला. त्यानं खोलीत इकडेतिकडे पाहिलं, अंदाज घेतला, आणि मशीनपासून खिडकीकडे हात केला. "इथून तिथपर्यंत. एवढंच."

आई उठली. सावकाश चालत खिडकीपर्यंत गेली आणि तिथून वळून त्याच्याकडे पाहू लागली.

"हाक मारली असतीस तरी ऐकू गेली असती रे त्याला," ती म्हणाली.